शेतीचें विमान आणि ओसाड धांवपट्टी

नाशिक जिल्ह्यांतील ओझर हें नांव निघालें कीं १९६४ सालीं तेथें स्थापन झालेला लढाऊ विमानांचा कारखाना डोळ्यांपुढें येतो. परंतु तो चालविणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स ह्याच संस्थेनें एके काळीं शेतकऱ्यासाठींही एक विमान घडविलें होतें, ही गोष्ट निफाड-दिंडोरीकडील बागाइतदारांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

त्या विमानाचें नांव 'बसंत'. एक वैमानिक, एक इंजिन व औषधाची टांकी, एवढाच त्याचा संसार. त्याच्या सुधारलेल्या नमुन्याचें पहिलें उड्डाण ३० मार्च १९७२ रोजीं झालें आणि १९८० सालीं त्याची निर्मिति थांबली. एकंदर ३९ विमानें तयार झालीं. कल्पना मात्र जुनी होती. अमेरिकेंत ओहायो संस्थानांत ३ ऑगस्ट १९२१ रोजीं जॉन मॅक्रेडी ह्या वैमानिकानें किडलेल्या झाडांवर विमानांतून विषारी भुकटी टाकली, तेव्हांपासून ह्या विद्येचा आरंभ मानितात.

अशा विमानास मोठा विमानतळ लागत नाहीं. शेतांच्या जवळ मुरूम दाबून केलेली सपाट पट्टी, पाण्याचा सांठा, औषधाचीं पिंपें आणि वाऱ्याची दिशा दाखविणारें कापड असलें म्हणजे काम भागतें. पहांटेच्या शांत हवेंत विमान पिकाच्या डोक्यावरून चार हातांच्या अंतरानें जाई व खालीं निशाण घेतलेला मनुष्य त्यास पुढचा पट्टा दाखवी. ह्या मनुष्याच्या अंगावर काय पडत असेल, ह्याचा विचार पुष्कळ उशीरां झाला. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनीं फवारणीची सूचना निदान चोवीस तास आधीं लोकांस देण्याचें व माणसें-गुरें दूर ठेवण्याचें बंधन घातलें, हें योग्यच झालें.

ही पद्धत ओसरली त्याचें मूळ शेताच्या आकारांत आहे. मैलोगणती एकाच पिकाचें रान असेल तेथें विमान परवडतें. आपल्याकडे एका बांधापलीकडे कांदा, दुसऱ्यापलीकडे मेथी, मध्यें विहीर व विजेच्या तारा! शेजाऱ्याची भाजी वांचवून फवारावें कसें? द्राक्षाची अडचण तर निराळीच. डावणीची बुरशी पानाच्या खालच्या अंगास धरते, आणि वरून पडणारा तुषार मांडवाच्या माथ्यावरच राहतो. म्हणून नाशिकच्या बागाइतदारानें ट्रॅक्टरवरील ब्लोअर जवळ केला, तो ओळींमधून फिरून खालून औषध मारतो.

विमानी फवारणीचा अत्यंत दुःखद अध्याय मात्र केरळांत कासारगोड येथें घडला. तेथील काजूच्या मळ्यांवर सुमारें दोन तपें, २००० सालापर्यंत, एंडोसल्फान आकाशांतून टाकलें गेलें. पायथ्याच्या वस्त्यांतील व्यंग घेऊन जन्मलेलीं मुलें देशानें पाहिलीं, आणि १३ मे २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या औषधावर बंदी घातली.

फवारणीसाठीं केलेली पट्टी ओसाड पडावयास फार काळ लागत नाहीं. दोन पावसाळे दुरुस्ती झाली नाहीं कीं मुरूम वाहून जातो, कडेनें बाभळी उगवतात, गुरें चरूं लागतात. जमीन पुन्हां नांगराखालीं गेली तर खूणही उरत नाहीं. अलीकडे २०२३ पासून सरकारी योजनेंतून बचतगटांतील स्त्रियांच्या हातीं फवारणीचे ड्रोन देण्यांत येऊं लागले. ते बांधावरूनच उडतात व बांधावरच उतरतात.