तलंग

आमच्या माणदेशात कोंबड्या म्हणजे बाईमाणसाची इस्टेट. जमीन बापाच्या नावावर, बैल बापाचे. पण डालग्याखालचं सगळं आजीचं. तेल-मीठ, बांगड्या, माझी पाटी-पेन्सिल त्यातनंच निघायची. आणि ही इस्टेट एका गोष्टीवर चालायची. पिल्लांतला कोंबडा कुठला आणि तलंग कुठली, हे वेळेत ओळखायचं. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. ती ठेवायची. कोंबडा एखाद-दुसरा ठेवून बाकीचे जत्रेला किंवा बाजाराला, कारण दाणे दोघंही सारखेच खातात.

खुडूक कोंबडी रवणीला बसवतानाच आजीचं सुरू व्हायचं. टोकदार अंड्यातनं कोंबडा, गोल अंड्यातनं कोंबडी, हे तिचं ठाम मत. पुढं मी नुसती टोकदार अकरा अंडी बसवून बघितली, तर निम्म्याच्या वर तलंगाच निघाल्या. ते एक सोडलं तर तिची नजर पक्की. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तलंगेला शेपटीची पिसं फुटतात, कोंबडा मागनं बोडकाच दिसतो. पाच-सहा आठवड्यांत कोंबड्याचा तुरा रुंद होऊन लाल व्हायला लागतो, तलंगेचा बारीक आणि पिवळटच राहतो. घारीची सावली पडली की तलंगा जमिनीला चिकटतात, कोंबडा मान ताठ करून उभा राहतो, असंही ती सांगायची. खरी खूण तिसऱ्या महिन्यात. मानेवरची आणि कमरेवरची पिसं कोंबड्याची लांब, टोकदार, चकचकीत होतात; तलंगेची टोकाला गोलच असतात. पण एवढं थांबायला घरात दाणे पाहिजेत. म्हणून बायका आधीच पाय चाचपायच्या. ज्याची नळी जाड, तो कोंबडा.

72 च्या दुष्काळात रेशनवरच्या तांबड्या मिलोवर माणसं जगली, तिथं कोंबड्यांना कोण टाकणार? आमच्या खुराड्यात दोनच उरल्या. त्यानंतर आमच्याकडं सरकारी कोंबडा आला. आपला गावठी द्यायचा आणि त्याच्या बदल्यात तो घ्यायचा, अशी योजना होती. जात ऱ्होड आयलंड रेड, मूळ अमेरिकेची. आम्ही त्याला ‘तांबडा’ म्हणायचो. पैदास वजनदार झाली, अंडी मोठी झाली. पण एक गोष्ट कोणी सांगितली नाही. तांबड्याच्या तलंगांचे पायसुद्धा जाड असायचे.

1975 साली दहावीची शालान्त परीक्षा सुरू झाली, मी पुढच्या वर्षीचा. फॉर्मची फी भरायची होती. आजी तापानं पडलेली. म्हणाली, “चार कोंबडे धर आन् आटपाडीच्या बाजारात घाल.” पिल्लं अडीच महिन्यांची. पहाटे अंधारात डालग्यात हात घातला, नळ्या चाचपल्या, जाड लागली ती चार धरली आणि पाय बांधून चालत निघालो. बाजारात एका बाईनं पिसांत फुंकर मारून बघितली आणि घासाघीस न करता पैसे मोजले. तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

आजीनं संध्याकाळी उठून डालगं बघितलं. “काळी कुठाय? आन् ती कवडी?” मी गप्प. “आरं ल्येका, तलंगा इकल्यास की! होळीला अंड्यावर आल्या असत्या.” एवढंच बोलली. चारातल्या दोन तलंगा होत्या. त्यांच्या अंड्यांतनं धाकट्या बहिणीची पाचवीची पुस्तकं घ्यायची, असं आजीनं धरलं होतं. बहीण चौथीतनंच घरी बसली. त्याला दुसरीही कारणं होती. पण फी माझी भरली गेली होती आणि मी दहावीला बसलो.

1971 साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू झाली आणि पुढं महाराष्ट्रभर अंड्यांचा धंदा पसरला. मी एकदा एका उबवणी केंद्रात गेलो होतो. दिव्याखाली बसलेला माणूस एक दिवसाचं पिल्लू उचलायचा, शेपटीखाली दाबून बघायचा आणि डाव्या नाहीतर उजव्या पेटीत टाकायचा. ही विद्या जपान्यांनी 1920 नंतरच्या दशकात शोधली. शिकलेला माणूस तासाला शेकड्यांनी पिल्लं बघतो. आजीला दोन महिने लागायचे तिथं त्याला डोळ्याची पापणी लवायला लागते तेवढाच वेळ. मी विचारलं, नरांचं काय? अंड्याच्या जातीचे नर, अंगावर मांस धरत नाहीत, त्यांना दाणे कोण घालणार? बरेचसे त्याच दिवशी संपवतात. काही रंगात बुडवून बाजारात विकतात.

चार वर्षांमागं नातीनं सायकलवाल्याकडनं गुलाबी, हिरवी अशी दहा पिल्लं घेतली. सून म्हणाली, घरची अंडी होतील. मी काही बोललो नाही. रंग उडाला, पांढरी पिसं आली. सहाव्या आठवड्यात दहाच्या दहा तुरे लाल!

त्याच दिवसांत बहीण माहेरपणाला आली होती. आता तीही साठीच्या जवळ. अंगणात उभी राहून तिनं ते दहा कोंबडे एकेक करून बघितले आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

“दादा, ही बी आंधारातच धरलीस व्हय रं?”