मधात कोण होतं?

आंधळगावात धान कापून झालं की रिकाम्या बांधीत चुन्याच्या रेषा पडायच्या आणि कबड्डी सुरू व्हायची. माझे बाबा मध्यरक्षक होते. जुन्या सामन्यांच्या गोष्टी निघाल्या की गावात आजही नाव येतं ते डाव्या कोपऱ्यात खेळणाऱ्या त्यांच्या मित्राचं. त्या काकांनी कुणाचा घोटा कसा धरला, हे सगळ्यांना पाठ आहे. बाबा चहा पीत ऐकत बसतात. मी एकदा विचारलं, तेव्हा तुम्ही काय करत होता? म्हणाले, "मी होतो ना मधात."

नागपुरात इंजिनिअरिंगला असताना मला बास्केटबॉलचा नाद लागला. तिथं हाच हिशेब उलटा दिसला. भाव रिंगखाली, म्हणजे मधात उभ्या असलेल्या उंच माणसाला. बाहेर, तीन गुणांच्या रेषेवर अडवणारा कुणाच्या लक्षातही राहत नाही.

गंमत म्हणजे १९३६ साली हे दोन्ही खेळ बर्लिन ऑलिम्पिकला हजर होते. बास्केटबॉल पहिल्यांदाच पदकासाठी खेळला गेला, तोही उघड्यावर, मातीच्या मैदानात. पावसातल्या अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला १९-८ असं हरवलं. आणि आमच्या विदर्भातल्या, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने त्याच बर्लिनमध्ये कबड्डी खेळून दाखवली.

पुढं दोन्हीकडे गुण सोडून बाकीचंही मोजायला लागले, आणि कुणाचं नाव राहणार हे त्या मोजण्यावर ठरलं. बिल रसेल बोस्टनकडून १३ मोसम खेळला आणि ११ विजेतेपदं जिंकला. त्याची ख्याती रिंगखालच्या बचावाची. पण एनबीएने 'ब्लॉक' मोजायला घेतले १९७३-७४ मध्ये, आणि रसेल १९६९ लाच थांबला होता. त्यामुळे अधिकृत नोंदीत त्याचा एकही ब्लॉक नाही! (जे लॉगमध्ये नाही ते घडलंच नाही, असं आम्ही सॉफ्टवेअरवालेही धरतो.) १९८३ पासून सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार सुरू झाला. पहिल्या सहांपैकी पाच बाहेर पहारा देणाऱ्यांना मिळाले, १९८८ चा मायकल जॉर्डनला. मग वारं उंच माणसांकडे फिरलं. १९९६ च्या गॅरी पेटननंतर गार्डला तो मिळायला २०२२ उजाडलं, मार्कस स्मार्टपर्यंत. चेंडू हिसकावला तर 'स्टील' लिहिता येतो. समोरच्याला चेंडूच मिळू दिला नाही, तर काय लिहिणार?

कबड्डीत नेमकं काय होतं ते बघा. समोर सहा-सात जण असले की चढाईपटू बोनससाठी खोल येतो. एक पाय बोनस रेषेपलीकडे, दुसरा हवेत. तो परत फिरताना कोपरारक्षक झेप घेऊन घोटा धरतो. हे धाडसाचंच काम आहे, चुकलं तर तो स्वतः बाद. पण एकट्या माणसाने धरलेला घोटा किती वेळ टिकणार? धिप्पाड चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत जातो. तो जात नाही, कारण मध्यरक्षक वाटेत छाती लावून उभा असतो किंवा धडक देऊन त्याला लॉबीच्या बाहेर ढकलतो. बऱ्याचदा चढाईपटू मुळात कोपऱ्याकडे वळतो तोच मधली वाट बंद दिसते म्हणून. पकडीचा गुण मात्र एकाच नावावर चढतो.

पैसेही त्याच नावामागे जातात. २०१८ च्या प्रो कबड्डी लिलावात यू मुंबाने इराणच्या फजल अत्राचलीला एक कोटीला घेतलं. तो डावा कोपरारक्षक. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूसाठी २.३५ कोटी मोजले. तोही डाव्या कोपऱ्यातला. पैसे वाया गेले असं कुणी म्हणणार नाही. त्या मोसमात पकडींचे सर्वाधिक ९९ गुण त्याचे होते, आणि मार्च २०२४ मध्ये पलटण हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पहिल्यांदा विजेती झाली.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा त्या मोसमातल्या पकडींचा व्हिडिओ बाबांना मोबाईलवर दाखवला. समालोचक शादलूचं नाव घेत होता. बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, व्हिडिओ थांबला. बोटाखाली मध्यरक्षक संकेत सावंत होता.

"मागं घे," म्हणाले. "हा कधी सरकला ते पाहू दे."

तीनदा मागं घेतलं.