न्हाणीघरांतील पांढरी टाइल

न्हाणीघराच्या भिंतीवरील पांढरी टाइल आतां इतकी अंगवळणी पडली आहे कीं, ती तेथें आली कोठून हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाहीं. इ. स. १८४० मध्यें रिचर्ड प्रॉसर नांवाच्या इंग्रजानें मातीची कोरडी भुकटी साच्यांत दाबून बटणें करण्याची युक्ति काढली. स्टोक येथील हर्बर्ट मिंटन यानें ती उचलली, आणि त्याच रीतीनें सारख्या मापाच्या टाइल्स निघूं लागल्या. त्यांवरील झिलई म्हणजे कांचेचा पातळ थर. त्यांत पाणी मुरत नाहीं. पुढें रोगजंतूंचें ज्ञान झाल्यावर, मळ चटकन् दिसावा म्हणून पांढऱ्या रंगाला मान आला.

मुंबईस १८९६ सालीं मांडवींत प्लेग उद्भवला, तेव्हां गटारें समुद्राच्या पाण्यानें आणि कार्बोलिक ॲसिडानें धुतलीं गेलीं, घरांना चुना फांसला गेला. १८९८ त पॉल-लुई सिमों यानें कराचींत उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखविलें. तरी उग्र वासावरील आपला विश्वास कांहीं ढळला नाहीं. वास आल्यावांचून मोरी धुतली असें अजूनहि पुष्कळांना वाटत नाहीं!

या विश्वासाची किंमत देते ती टाइल नव्हे, तिची दरज. जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ सालीं पेटंट घेतलेलें पोर्टलंड सिमेंट, किंवा त्याचें पांढरें भावंड, दरजेंत भरलेलें असतें. दिसायला तें दगडासारखें. पण त्यांत चुन्याचा अंश मोठा, आणि अंगांत बारीक छिद्रें. साबणाचा मळ व जड पाण्यांतील क्षार तेथें बसतात, ओलीवर काळी बुरशी धरते. मग दर आठवड्यास उद्धराम्ल, म्हणजे बाजारांतलें नुसतें ‘ॲसिड’, ओतलें जातें. कांचेला तें कांहीं करीत नाहीं. चुना मात्र खातें. फसफसणारा फेस पाहून मळ निघाला असें आपण समजतों, पण त्यांत दरजेचाहि चुना विरघळत असतो. पुढें पाणी टाइलीमागें शिरतें, खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल येते, आणि दोन कुटुंबांचें बोलणें बंद होतें.

याहून भयंकर गोष्ट निराळीच आहे. १७९९ सालीं चार्ल्स टेनंट यानें चुन्यांत क्लोरीन वायु शोषवून केलेल्या ब्लीचिंग पावडरीचें पेटंट घेतलें. बुरशीवर ती गुणकारी खरी. पण तिच्यावर ॲसिड पडलें कीं कोंडलेला वायु बाहेर येतो. २२ एप्रिल १९१५ रोजीं ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्यानें सोडला तो हाच वायु. उघड्या मैदानावर ज्यानें माणसें मेलीं, तो दार लावलेल्या हातभर न्हाणीघरांत काय करील? स्वच्छतेच्या हौसेनें दोन्ही एकत्र ओतणें हें केवळ अविचाराचें कृत्य होय.

धुण्याचा सोडा कोमट पाण्यांत विरघळवून हातमोजे घालून मऊ ब्रशानें घासलें, तर साबणाचा मळ सुटतो. काळ्या डागांपुरतें ब्लीचिंग पावडरीचें पातळ पाणी, तेंहि खिडकी उघडी ठेवून, दहा मिनिटें लावावें आणि भरपूर पाण्यानें धुवावें. स्नानानंतर भिंत कोरड्या फडक्यानें पुसली तर बुरशीला थारा उरत नाहीं; हें काम दोन मिनिटांचें आहे. पोखरलेली दरज मात्र कितीहि घासली तरी सुधारत नाहीं. ती खरवडून नवी भरून घ्यावी, आणि दोन-तीन दिवस तिच्यावर पाणी मारीत राहा असें गवंडी सांगतो तें ऐकावें.