लोणावळ्याची हॉटेले आणि घसरून पडणारे कामगार

मावळातल्या हॉटेल धंद्याला चालना रेल्वेने दिली. खंडाळा-पुणे मार्ग १८५८ मध्ये आणि बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, तेव्हा मुंबईकरांना लोणावळा-खंडाळ्याची हवा जवळची झाली. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती महामार्गाने पर्यटकांची गर्दी आणखी वाढवली.

या धंद्यातला धोका साधा आहे. मोरीजवळची ओली फरशी, तिच्यावर सांडलेले तेल, हातात भरलेला ट्रे आणि पायाखाली न दिसणारी पायरी. मावळातल्या धुवांधार पावसात मागच्या दारी शेवाळही धरते. गिऱ्हाईक पाहते ती दर्शनी बाजू कोरडी असते, हे वेगळे सांगायला नको.

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने कामावरच्या इजेची जबाबदारी मालकावर टाकली. पण तो सर्वांना नव्हता. परिशिष्टात नोंदलेल्या कामांनाच लागू होता. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने हॉटेलांतले कामाचे तास बांधले. त्याच वर्षीच्या कर्मचारी राज्य विमा कायद्याची व्याप्ती पुढे हॉटेलांपर्यंत वाढली, तरी दहापेक्षा कमी माणसांच्या खानावळी बाहेरच राहिल्या. पडण्याची शक्यता मात्र तिथेही तितकीच. अशा कामगाराला भरपाईचाच आधार होता आणि तिचा दावा अपघातापासून दोन वर्षांत करावा लागे. १९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला आहे.