नावेची डूब आणि शिडाच्या दोऱ्या

शिडाची नाव समुद्रावर निभावते ती दोन गोष्टींच्या आधारावर. त्यांतील एक डोळ्यांना दिसत नाहीं आणि दुसरीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. न दिसणारी गोष्ट म्हणजे नावेची पाण्याखालची खोली. नावेच्या तळाशीं लांबीच्या दिशेनें जी मुख्य तुळई असते तिला कोकणांतील सुतार पठाण म्हणतात, इंग्रजीत तिला कील हें नांव आहे. ती पाण्यांत किती खोल उतरते यावर नावेची डूब ठरते. दुर्लक्षित गोष्ट म्हणजे शिडाच्या दोन्ही अंगांना टांगलेल्या चार-सहा बारीक दोऱ्या. त्यांना खलाशांनीं 'लेझी जॅक', म्हणजे 'आळशी गडी', असें थट्टेचें नांव दिलें आहे. या दोहोंचा इतिहास निरनिराळा सांगण्याची रीत आहे. मला तो एकच वाटतो.

वाऱ्याचा दाब शिडावर आडवा पडला कीं नाव एका अंगावर कलते आणि पुढें जातां जातां बाजूलाही घसरते. घसरणें थांबविण्यास पाण्याखालीं एखादी उभी भिंत हवी. कलणें थांबविण्यास एक तर बूड रुंद हवें, नाहीं तर अगदीं तळाशीं वजन हवें. रुंद बूड पाण्यावर ठेवलेल्या परातीसारखें असतें. थोडें कलवूं गेल्यास तें जोरानें विरोध करतें, परंतु एका मर्यादेपलीकडे हा विरोध पाहतां पाहतां संपतो. तळाचें वजन हें बुडाशीं शिसें भरलेल्या बाहुलीसारखें. आरंभीं ती खुशाल डोलूं देते, पण अधिक आडवी पाडावी तसतशी अधिक जोरानें उठूं पाहते. हा भेद कागदावर किती सोपा दिसतो! तो पटण्यासाठीं एकोणिसाव्या शतकांत माणसें बुडावीं लागलीं.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील खाड्या व उपसागर पुष्कळ ठिकाणीं उथळ आहेत. म्हणून तेथील कारागिरांनीं रुंद आणि कमी डुबीच्या नावा बांधल्या व तळाला एक फट ठेवून तींतून वरखालीं करतां येईल अशी फळी बसविली. खोल पाण्यांत फळी सोडावी, उथळ पाण्यांत ओढून घ्यावी. युक्ति उत्तम होती. धनिकांनीं मात्र तीच युक्ति आपल्या विलासी यॉटींना लावली आणि तिच्या जोरावर शिडें वाढवीत नेलीं. न्यूयॉर्कच्या विल्यम गार्नर यांची 'मोहॉक' ही अशा यॉटींचा कळस होती. लांबी सुमारें १४० फूट आणि डूब अवघी ६ फूट! फळी पूर्ण सोडली म्हणजे ती मात्र ३० फुटांहून खोल जाई.

सन १८७६ च्या जुलै महिन्याची २० तारीख. मोहॉक स्टेटन बेटाच्या कांठीं, स्टेपलटन येथें, नांगरावर होती. पाहुणे आलेले, शिडें चढविलेलीं, नांगर उचलण्याचें काम चाललेलें. एवढ्यांत वाऱ्याचा एक झोत आला. शिडांना सैल सोडणाऱ्या दोऱ्या जखडलेल्याच राहिल्या होत्या. नाव कलली, क्षणभर सांवरली, पुन्हां कलली, आणि मग तिच्या रुंदीचें बळ संपलें. आंतील सामान आणि तळाचें वजन खालच्या बाजूस घसरलें. पत्नी खालच्या दालनांत अडकली आहे हें पाहून गार्नर तिला सोडविण्यास आंत गेले. तीं दोघेंही वर आलीं नाहींत. त्यांच्याबरोबर आणखी कांहीं जणांचा अंत झाला, आणि तोही बंदरांत, किनाऱ्यावरचे लोक पाहत असतां.

इंग्लंडांत अगदीं उलट चूक होत होती, आणि तिचें मूळ समुद्रांत नसून एका गणितांत होतें. शर्यतीसाठीं नावेचें माप ठरवितांना तिची रुंदी दोनदां हिशेबांत धरली जाई. खोली प्रत्यक्ष मोजलीच जात नसे, ती रुंदीच्या निम्मी गृहीत धरीत. मग रुंदी कोण ठेवणार? वर्षागणिक नावा अरुंद होत गेल्या आणि त्यांच्या तळाशीं शिशाचे ढीग वाढत गेले. लोक त्यांना 'धारेवर उभी केलेली फळी' म्हणूं लागले. सन १८८६ मध्यें विल्यम पॅटन या तरुण रचनाकारानें 'ऊना' ही नाव आंखली. पाण्याच्या रेषेवर लांबी ३४ फुटांच्या आसपास, रुंदी साडेपांच फूट, डूब ८ फूट. पहिल्याच सफरीवर, डब्लिनजवळ मॅलहाइडच्या किनाऱ्यावर, वादळांत ती फुटली. पॅटन स्वतः तींत होता. त्या नावेवरील एकही माणूस वांचला नाहीं. त्याच वर्षीं मापाचा तो नियम बदलण्यांत आला.

दहा वर्षांच्या अंतरानें घडलेल्या या दोन अपघातांच्या मधोमध शहाणपणाचा मार्ग निघाला होता. १८८५ साली एडवर्ड बर्जेस याच्या 'प्युरिटन' नावेनें शिशाचें वजन बाहेरून तळाला जडवूनही सरकती फळी कायम ठेवली आणि 'जेनेस्टा' या ब्रिटिश नावेस हरविलें. इतिहासकार बहुधा येथें समाधान मानून थांबतात.

मला मात्र मोहॉकच्या कथेंतील दुसरा प्रश्न अधिक टोंचतो. डूब कमी होती हें खरें. पण शिडें वेळेवर सैल सुटलीं किंवा उतरलीं असतीं तर? उथळ पाण्यांत पोट भरणाऱ्या कोळ्यांना याचें उत्तर ठाऊक होतें. मेरीलंडच्या चेसापीक उपसागरांत कालवें काढणाऱ्या 'स्किपजॅक' नावा पाहाव्या. बूड रुंद, डूब थोडी, सरकती फळी, शीड प्रचंड आणि माणसें मोजकीं. त्यांच्या शिडांना लेझी जॅक हमखास असत. डोलकाठीच्या वरच्या भागापासून एकेक दोरी निघते, खालीं तिला दोन-तीन फांटे फुटतात आणि ते शिडाच्या तळच्या वाशाला दोन्ही बाजूंनीं बांधलेले असतात. वर चढविणारी दोरी सोडली कीं शीड या पाळण्यांत आपोआप घड्या घालीत बसतें. पाण्यांत पडत नाहीं, कीं खलाशाच्या डोक्यावर येत नाहीं. दोन माणसांचें काम एकटा करतो, तें 'आळशी' या नांवामुळें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं! शीड पुन्हां चढवितांना मात्र नावेचें तोंड नीट वाऱ्याकडे धरावें लागतें, नाहीं तर शिडाच्या काड्यांचीं टोंकें दोऱ्यांत अडकतात. आणि सैल राहिलेल्या दोऱ्या रात्रभर डोलकाठीवर आपटून झोंप उडवितात. म्हणून जाणते खलाशी त्या दोऱ्या कप्पीवरून डोलकाठीच्या पायथ्याशीं आणतात, म्हणजे हव्या तेव्हां ताणतां येतात व नको तेव्हां पुढें ओढून बांधतां येतात.

विसाव्या शतकांत सफरीच्या नावांनीं हे दोन्ही वारसे घेतले. कार्ल्टन मिचेल यांची १९५४ मध्यें बांधलेली 'फिनिस्टेर' पावणेचार फुटांहून थोडी अधिक डूब असलेली, रुंद व सरकत्या फळीची होती. तिच्या पोटांत वजनही भरपूर होतें. तिनें १९५६, १९५८ व १९६० अशा सलग तीन बर्म्युडा शर्यती जिंकल्या, आणि उथळ नाव खोल समुद्रास अपात्र असते हा समज ढासळला. पुढें अनेक कारखाने एकच नाव खोल आणि उथळ अशा दोन डुबींत विकूं लागले. अशी जुनी नाव घेणारा प्रथम डूब विचारतो. वस्तुतः त्यानें वजनही विचारलें पाहिजे. कारण उथळ नावेचें वजन पाण्याखालीं कमी खोल असतें, म्हणून तेवढ्याच स्थैर्यासाठीं तें अधिक घालावें लागतें. १९७९ च्या फास्टनेट शर्यतींत वादळानें १५ खलाशांचे बळी घेतले, तेव्हां किती कलल्यावर नाव परत उठत नाहीं हा जुना प्रश्न पुन्हां तपासला गेला.

मोहॉक मात्र फुटली नव्हती. ती पाण्यांतून वर काढण्यांत आली, अमेरिकेच्या सरकारी किनारा-मोजणी खात्यानें ती विकत घेतली आणि तिचें नांव 'ईगर' ठेवलें. त्यानंतर पुष्कळ वर्षें ती किनाऱ्यालगतच्या पाण्याच्या मोजणीवर राबत होती.