स्टॉक कार शर्यत : नावाचा उगम आणि बदलत गेलेले स्वरूप

‘स्टॉक’ हा शब्द उच्चारताच भारतीय वाचकाला प्रथम शेअर बाजार आठवतो. स्टॉक कार शर्यतीच्या नावात मात्र हा शब्द व्यापारी आपल्या दुकानात विक्रीसाठी ठेवतो त्या मालाच्या अर्थाने आला आहे. कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच, कोणत्याही ग्राहकाला विक्रेत्याकडून विकत घेता येईल अशी मोटार म्हणजे ‘स्टॉक कार’. केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या मोटारींपासून तिचे वेगळेपण दाखविण्यासाठी अमेरिकेत हे नाव रूढ झाले. आज या शर्यतींत धावणाऱ्या मोटारींचे बाजारातील मोटारींशी नाते मुख्यतः बाह्य आकारापुरते उरले आहे. नाव मात्र कायम आहे.

दारूबंदी आणि वेगवान मोटारी

अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. दक्षिणेकडील अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागात, विशेषतः नॉर्थ कॅरोलिना, जॉर्जिया आणि व्हर्जिनिया या राज्यांत, हातभट्टीची दारू गाळून ती रात्री मोटारीतून शहरांत पोहोचविली जाई. दारूबंदी उठल्यानंतरही कर चुकविण्यासाठी हा धंदा सुरूच राहिला. महसूल अधिकाऱ्यांना गुंगारा देण्यासाठी मोटार बाहेरून साधी दिसणे आणि आतून वेगवान असणे आवश्यक होते. फोर्ड कंपनीने १९३२ मध्ये आणलेले स्वस्त आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन या कामी सोयीचे ठरले. इंजिनात फेरफार करून आणि मागील स्प्रिंग भक्कम करून सजविलेल्या या मोटारींचे चालक पुढे मातीच्या गोलाकार मार्गांवर एकमेकांशी स्पर्धा करू लागले. पन्नास शर्यती जिंकणारे ज्युनियर जॉन्सन हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. हातभट्टीच्या गुन्ह्यात त्यांनी १९५०च्या दशकात तुरुंगवास भोगला आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी त्यांना माफी दिली.

डेटोनाची वाळू

दुसरा प्रवाह फ्लोरिडातील डेटोना बीच येथून आला. तेथील टणक, सपाट वाळूवर वेगाचे जागतिक विक्रम होत असत. १९३५ मध्ये माल्कम कॅम्बेल यांच्यासारखे विक्रमवीर युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागराकडे वळले. पर्यटक टिकविण्यासाठी नगर प्रशासनाने ८ मार्च १९३६ रोजी समुद्रकिनारा आणि शेजारचा रस्ता जोडून साध्या मोटारींची शर्यत भरविली. वळणांवर वाळूत मोटारी रुतल्या आणि आयोजकांना तोटा सोसावा लागला. त्या शर्यतीत पाचवे आलेले मेकॅनिक बिल फ्रान्स यांनी पुढे स्वतः शर्यती भरविण्यास सुरुवात केली.

त्या काळी अनेक आयोजक बक्षिसाची रक्कम घेऊन पसार होत आणि प्रत्येक ठिकाणी नियम वेगळे असत. त्यावर उपाय म्हणून फ्रान्स यांनी १४ डिसेंबर १९४७ रोजी डेटोनातील स्ट्रीमलाइन हॉटेलमध्ये चालक, मोटारमालक व आयोजकांची बैठक बोलावली. तिच्यातून फेब्रुवारी १९४८ मध्ये ‘नास्कार’ ही संस्था आकारास आली.

‘काटेकोर स्टॉक’ची पहिली कसोटी

महायुद्धानंतर नव्या मोटारींचा तुटवडा असल्याने १९४८ मध्ये जुन्या, फेरफार केलेल्या मोटारीच धावल्या. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे मात्र ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ म्हणजे काटेकोरपणे मूळ स्वरूपातील मोटारींची पहिली शर्यत झाली. ग्लेन डनअवे यांनी प्रथम अंतिम रेषा ओलांडली. परंतु तपासणीत त्यांच्या फोर्डच्या मागील स्प्रिंगमध्ये दारूवाहू मोटारींप्रमाणे बदल केल्याचे आढळले. त्यांना अपात्र ठरवून लिंकन मोटारीचे चालक जिम रोपर यांना विजयी घोषित करण्यात आले. डनअवे यांच्या मोटारीच्या मालकाने दावा दाखल केला, परंतु न्यायालयाने तो फेटाळला. नियम ठरविण्याचा आणि लागू करण्याचा संस्थेचा अधिकार त्यामुळे पक्का झाला.

नाव आणि वस्तू यांतील अंतर

मालिकेच्या नावातील ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ हे शब्द १९५० मध्येच वगळण्यात आले. मातीच्या मार्गांची जागा डांबरी मार्गांनी घेतली. १९५९ मध्ये डेटोना येथे अडीच मैलांचा, वळणांवर ३१ अंश कललेला मार्ग खुला झाला. या वेगात घरगुती मोटारीची चाके आणि सांगाडा टिकेना. म्हणून प्रथम सुरक्षिततेसाठी फेरफारांना परवानगी मिळाली. १९६४ मध्ये फायरबॉल रॉबर्ट्स यांचा शार्लट येथील आगीत भाजल्याने मृत्यू झाल्यानंतर इंधनाच्या टाकीत रबरी पिशवी बसविण्यात येऊ लागली. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात खास बांधलेले सांगाडे रूढ होत गेले.

मोटार कंपन्यांना या खेळात जाहिरात दिसत होती. रविवारी जिंकलेली मोटार सोमवारी विकली जाते, असे म्हटले जाई. मात्र शर्यतीतील प्रतिरूप ठरावीक संख्येने विक्रीस ठेवण्याचे बंधन होते. त्यामुळे १९६९ आणि १९७० मध्ये उंच पंख व टोकदार नाक असलेल्या डॉज चार्जर डेटोना आणि प्लायमाउथ सुपरबर्ड या मोटारी सर्वसामान्य ग्राहकांसाठीही तयार झाल्या. मार्च १९७० मध्ये बडी बेकर यांनी टॅलाडेगा येथे अशाच मोटारीतून ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला. पुढील वर्षी नियम बदलून अशा मोटारींच्या इंजिनावर मर्यादा घालण्यात आली.

फेब्रुवारी १९७९ मध्ये ‘डेटोना ५००’चे प्रथमच आरंभापासून अखेरपर्यंत राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण झाले आणि हा दक्षिणेकडील खेळ देशभर पोहोचला. वर्णभेदाची सावली मात्र त्यावर दीर्घकाळ राहिली. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे कृष्णवर्णीय चालक वेंडेल स्कॉट जिंकले असताना विजेता म्हणून दुसऱ्याचे नाव जाहीर झाले. काही तासांनी चूक मान्य झाली, तोवर प्रेक्षक परतले होते. त्या विजयाचा चषक त्यांच्या कुटुंबीयांना २०२१ मध्ये मिळाला. सर्वोच्च मालिकेत दुसऱ्या कृष्णवर्णीय चालकाचा, बबा वॉलेस यांचा, विजयही त्याच वर्षी झाला.

सुरक्षितता आणि आजची मोटार

१८ फेब्रुवारी २००१ रोजी सात वेळचे विजेते डेल अर्नहार्ट यांचा डेटोना येथे शेवटच्या फेरीत मृत्यू झाला. त्यानंतर डोके व मान सांभाळणारे उपकरण सक्तीचे झाले आणि धक्का शोषणाऱ्या भिंती उभारण्यात आल्या. तेव्हापासून सर्वोच्च मालिकेच्या शर्यतीत एकाही चालकाचा मृत्यू झालेला नाही.

२०२२ पासूनच्या मोटारींचे बहुतेक सुटे भाग सर्व संघ ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घेतात. या मोटारींना उघडणारे दरवाजे नाहीत. चालक खिडकीतून आत शिरतो. दिव्यांच्या जागी केवळ चित्रे असतात. टोयोटाची कॅमरी भारतातही चार सिलिंडरची हायब्रिड मोटार म्हणून विकली जाते. मैदानात त्याच नावाने व्ही-८ इंजिनाचे यंत्र धावते. शेवरोलेने कॅमॅरोचे उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबविले, तरी त्यानंतरच्या हंगामांतही ती शर्यतीत उतरली. विक्रेत्याकडे नवी मिळत नसलेली मोटारही अशा रीतीने ‘स्टॉक कार’ ठरली.

अमेरिकेबाहेर

ब्राझीलमध्ये १९७९ पासून अशी मालिका सुरू आहे. ब्रिटनमध्ये मात्र हेच नाव मोटारी एकमेकींवर आदळविण्याची मुभा असलेल्या वेगळ्या खेळास दिले जाते. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन यांनी २०१० मध्ये नास्कारच्या ट्रक मालिकेत भाग घेतला होता.