गिधाडांची पंगत

वसुबारसेला आई गायवासराला ओवाळी, पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड लागे. पण आमच्या मेलेल्या गुरांची अखेरची व्यवस्था ज्या पाखरांनी पाहिली, त्यांच्या नावाची तिथी पंचांगात नाही. या दिवाळीला त्यांचे थोडे ऋण फेडावे म्हणतो.

1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आमची मुकुंदवाडी तेव्हा औरंगाबादेबाहेरचे खेडे होते. कडबा संपला, दावणीची गुरे बसली ती उठलीच नाहीत. मेलेले जनावर माळावर ओढून नेत. आकाशात आधी एकच ठिपका दिसे, मग पाहता पाहता गिधाडांची पंगत बसे आणि दिवस कलायच्या आत नुसता सांगाडा उरे. आम्ही पोरे दगड मारू लागलो की आजोबा रागावत. म्हणत, “अरे, ती जेवली नाहीत तर रोगराई आपल्या दारी येईल!”

आजोबांच्या बोलण्यातले शास्त्र मला पुढे पुस्तकांत भेटले. रेमंड लिंडमन या अमेरिकन तरुणाने एका तळ्याचा अभ्यास करून जीवसृष्टीचा जमाखर्च मांडला. सूर्याची ऊर्जा गवत धरते, गवताची बैल घेतो, बैलाची गिधाड. दर पायरीला बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. ढोबळ मानाने दहावा हिस्सा पुढे पोचतो. हाडांतला चुना मातीत मिसळून पुन्हा गवतात येतो, पण गेलेली ऊर्जा परतत नाही. ती रोज नव्याने सूर्याकडूनच यावी लागते. 1942 साली हा निबंध छापून आला, तेव्हा लिंडमन हयात नव्हता. तो अवघ्या 26 व्या वर्षी वारला होता.

मेलेल्या बैलात उरलेल्या ऊर्जेला वाटेकरी पुष्कळ: जंतू, अळ्या, कुत्री, गिधाडे. गिधाडाच्या जठरातले आम्ल असे जालीम, की पुष्कळसे रोगजंतू तिथेच मरतात. म्हणून ताटावर पहिला हात त्याचा पडणे हे गावाच्या हिताचे.

1990 नंतर ही पंगत उठली. भरतपूरच्या अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना गिधाडे झपाट्याने घटलेली आढळली. पांढऱ्या पाठीची गिधाडे 1992 साली हजार होती असे धरले, तर 2007 साली त्यांतले जेमतेम एक उरले. कारण 2004 साली, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून उघड झाले. दुखणाईत गुरांना टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसात राही आणि ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. एका बैलावर सारा थवा जेवतो. त्यामुळे शंभरांत एखादे जनावर तसे निघाले तरी पुरे होते. त्यात मादी वर्षाला एकच अंडे घालते. ही तूट भरून निघायची कशी?

हे वाचले आणि मला आमचा ढवळ्या आठवला. 1996 च्या सुमारास तो म्हातारा बैल लंगडू लागला. त्याचे हाल पाहवेनात, म्हणून वडिलांनी त्याला दोनतीनदा इंजेक्शन देववले. पुढे तो गेला, माळावर ओढला गेला. त्या वर्षी मोजकीच गिधाडे उतरली, पुढे एकही नाही. ते औषध कोणते, हे विचारायचे आम्हांला सुचले नाही. वडिलांनी दयाच केली होती. पण त्या दयेच्या पंगतीला आणखी कोण बसणार, हा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नाही.

2006 साली सरकारने गुरांसाठी डायक्लोफिनॅक बंद केले. 2023 साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध हाताशी आहे. मुकुंदवाडी आता शहराच्या पोटात गेली, माळ राहिला नाही. पण गावाकडे आमच्या पाहुण्यांची गुरे आहेत. या वसुबारसेला गाय ओवाळून झाली की मी त्यांना एकच सांगणार आहे: “डॉक्टर आले, की औषधाचे नाव तेवढे विचारा.”